मदत हवी आहे: एम.कॉम. करताना टॉवेल कारखान्यातलं अर्धवेळ काम

नमस्कार मंडळी. मी सोलापूर विद्यापीठात एम.कॉम. करतेय आणि दुपारनंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात काम करते. टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नोंदी, सूत व्यापाऱ्यांची बिलं, माल निघाला की ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचं ऑनलाइन कागदपत्र), शिवाय डिस्पॅचकडेही, म्हणजे माल रवाना करण्याकडेही, बघायचं. काम मनापासून आवडतं. सुताचा भाव वाढला की महिन्याचं गणित कसं हलतं, हे वर्गात कधी इतकं कळलं नव्हतं.

अडचण तारखांची आहे. दर महिन्याच्या ७ ला टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), २० ला ३बी (जीएसटीचं महिन्याचं एकत्रित विवरणपत्र). परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. शेठ चांगले आहेत, पण माझ्याशिवाय हे बघणारं दुसरं कुणी नाही, आणि घरी माझ्या पगाराची गरज आहे.

परीक्षेच्या महिन्यात कामाचे तास कमी करून मागायचे, तर शेठजींशी कसं बोलावं? आधीच कुणाला तरी शिकवून ठेवावं का? आणि अनुभवाच्या पत्रात हिशोबाबरोबर डिस्पॅचचं कामही लिहून घ्यावं का? नोकरी सांभाळून शिकलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा.