ब्लॅक्सप्लॉयटेशनला ‘शोषणपट’ म्हणावे का?

प्रश्न : अभिनेता रॉन ओनील याच्यावर लेख लिहितो आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी निघालेल्या चित्रपटांना ‘ब्लॅक’ आणि ‘एक्स्प्लॉयटेशन’ (शोषण) जोडून ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ म्हणतात. त्यासाठी ‘शोषणपट’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते नको. ‘शोषणपट’ म्हटले की वेठबिगारी, सावकारी असल्या विषयावरचा चित्रपट वाटतो. अमेरिकेच्या सिनेधंद्यात ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणजे आधी चित्रपटाची जाहिरातबाजी, मग सनसनाटी विषय घेऊन कमी पैशांत काढलेला चित्रपट. त्याला आपला ‘गल्लाभरू’ चपखल बसतो.

पण तेवढ्यानेही भागत नाही, आणि त्याचे कारण तुमचा ओनीलच आहे. १९७२ साली ‘सुपर फ्लाय’ आला. त्यात तो कोकेन विकणारा प्रीस्ट झाला होता. लांब कोट, मानेवर रुळणारे केस, गळ्यात क्रूसाच्या आकाराची चमची आणि तिनेच कोकेन ओढायचे! असला माणूस इतका रुबाबदार दिसावा, हे अनेकांना सहन झाले नाही. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी तेव्हाच्या वादात ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हा शब्द काढला. त्यात कृष्णवर्णीयांना लुबाडल्याचा उघड आरोप आहे. ‘गल्लाभरू’त तो उतरत नाही.

ओनीलच्या कारकिर्दीकडे पाहिले की या आरोपाची दुसरी बाजू दिसते. क्लीव्हलंडच्या करामू हाउस या नाट्यसंस्थेत तो वर्षानुवर्षे नाटके करत होता. चार्ल्स गॉर्डोन यांच्या पुलित्झर मिळालेल्या नाटकातल्या भूमिकेसाठी त्याला ओबी हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा पुरस्कार मिळाला होता. एवढ्या तयारीच्या नटावर प्रीस्टचा शिक्का बसला तो बसलाच. १९७३चा पुढचा भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केला, तो पडला. नंतर बहुतेक दुय्यम कामे. १९८४च्या ‘रेड डॉन’मध्ये क्यूबन अधिकारी.

प्रतिसाद : पण याच चित्रपटांत कामे केलेल्या फ्रेड विल्यमसनसारख्या नटांना हा शब्दच मान्य नव्हता. कामे मिळाली, पैसे मिळाले, मग शोषण कोणाचे?

उत्तर : आक्षेप रास्त आहे. कृष्णवर्णीय नायक गोऱ्यांना पुरून उरतो, हे पाहायला लोक थिएटरात गर्दी करत होते. म्हणून लेखात मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेले गल्लाभरू चित्रपट’ असा खुलासा करा आणि ग्रिफिन यांचा आरोप वेगळ्या वाक्यात सांगा. पुढे ‘ब्लॅक्सप्लॉयटेशनपट’ लिहिले तरी खटकणार नाही.