बाबांच्या हृदयाची झडप ‘सिव्हिअर’ (गंभीर) अरुंद, पण त्रास काहीच नाही म्हणतात. थांबावं का?

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे. सर्दीसाठी दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ ठेवला. ‘मर्मर (हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज) ऐकू येतोय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.’ इकोत एऑर्टिक झडप (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी) जाड आणि अरुंद, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ४६, क्षेत्रफळ ०.८ चौ. सेंमी. बाबांचं एकच पालुपद: मला काही होत नाही.

उत्तर १: याच वाक्यावर आईने आम्हाला दोन वर्षं गंडवलं. दम लागणार कसा, तिने जिना चढणंच सोडलं होतं! आम्ही म्हणायचो, वय झालं. ‘दम लागतो का’ विचारूच नका. गेल्या वर्षी करत होता आणि आता करत नाही असं काय, ते विचारा. ग्रेडियंट ४० च्या वर म्हणजे सिव्हिअरच. त्यात दम, छातीत दुखणं किंवा चक्कर सुरू झाली की थांबण्यात धोका आहे. गोळ्यांनी झडप उघडत नाही. आईला जांघेतल्या धमनीतून नवी झडप बसवली, त्याला टावी म्हणतात. छाती उघडावी लागली नाही.

उत्तर २: माझी मायट्रल (हृदयातली दुसरी एक झडप) बदलून यांत्रिक बसवली, १४ वर्षं झाली. रोज वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), ठरलेल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी). रात्री टिकटिक ऐकू येते, बायको म्हणते घड्याळ नको घ्यायला. कृत्रिम झडप बसवली, तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकचं विचारायला विसरू नका.

प्रश्नकर्ता: विचारलं. सकाळी फिरायला जातात ते महिनाभर अर्ध्या वाटेतूनच परततात. ‘कंटाळा येतो’ म्हणे. सोमवारची वेळ घेतली आहे.