कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरमधल्या परवानग्या: ग्राफ हवा की नियम?

पांदणवाट
शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय पाहायचं आणि काय बदलायचं, हे ग्राफमध्येच, म्हणजे नोड (ठिपके) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेघा) यांच्या जाळ्यातच, ठेवावं असं माझं ठाम मत आहे. समजा, कंपनीची वणी, मारेगाव आणि झरी-जामणी तालुक्यांत मिळून 6 केंद्रं आहेत आणि काटेवाला, ग्रेडर, केंद्रप्रमुख, हिशेबनीस, संचालक अशी 5 पदं. नुसत्या पदांवर परवानग्या दिल्या की "मारेगावचा ग्रेडर", "वणीचा ग्रेडर" असे 30 रोल (परवानग्यांचे संच) होतात. गेल्या हंगामाचं फक्त पाहता यावं आणि चालू हंगामाचं बदलता यावं म्हटलं की 60.

गुणधर्मांवरून परवानगी ठरवायची पद्धत, म्हणजे एबॅक, याच अडचणीवर आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2014 साली तिची मार्गदर्शिका काढली. पण हेच नियम एक्सएसीएमएलसारख्या नियमांच्या भाषेत फायलींत लिहिले की "या शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक आज कोणाकोणाला दिसतो?" याचं उत्तर सहज निघत नाही, कारण नियम एकेका विनंतीला हो किंवा नाही म्हणतात. ग्राफमध्ये खात्याच्या नोडपासून उलटं चालत गेलं की माणसं सापडतात.

रचना एनजीएसी या ग्राफवर चालणाऱ्या एबॅकच्या मानकाची घ्या. एका बाजूला माणसं आणि त्यांचे गट, दुसऱ्या बाजूला नोंदी आणि त्यांचे गट, मधे "वाच", "ओलावा बदल" असे अधिकार लिहिलेले जोड. ग्रेडरची मारेगावहून वणीला बदली झाली तर एक एज काढायची, एक घालायची.

काळीमाती
भाऊ, केंद्र आणि पद ग्राफमध्ये छान बसतात, ते मान्य. पण "चुकारा (शेतकऱ्याचे पैसे देणं) झाल्यावर ग्रेड बदलता येणार नाही", "ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर केंद्रप्रमुखाच्या मंजुरीशिवाय नोंद पुढे जाणार नाही", "रात्री 8 नंतर काटापावती नाही" या अटींचं काय? ओलाव्याच्या प्रत्येक आकड्याला नोड करणार का? शेवटी एजवर अट लिहावी लागते. मग अर्धी परवानगी ग्राफमध्ये आणि अर्धी नियमात. वाद झाला की दोन्हीकडे शोधत बसा. शिवाय तुमची उलटी यादीही तेव्हा खरी राहत नाही, कारण ती अटी पाहतच नाही.

60 वापरकर्ते आणि 5,000 सभासद असतील तर पोस्टग्रेस या डेटाबेसची रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे टेबलातली कोणती ओळ कोणाला दिसेल ते ठरवणारी सोय, पुरते. 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून ती आहे. केंद्राचा रकाना, हंगामाचा रकाना, चुकाऱ्याची स्थिती, झालं. तालुक्याच्या गावी ज्या एका मशीनचा बॅकअप कसाबसा होतो, तिथे ग्राफ डेटाबेस नावाचा दुसरा सर्व्हर कशाला?

पांदणवाट
दुसरा सर्व्हर मी मागितलाच नाही. नोड आणि एज अशी दोन टेबलं त्याच पोस्टग्रेसमध्ये ठेवा, एजवर दोन्ही दिशांनी इंडेक्स (शोध-सूची) द्या आणि रिकर्सिव्ह क्वेरीने, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा लावल्या जाणाऱ्या शोधाने, चाला. सांभाळायचं ते वर्तुळ. अ चा गट ब आणि ब चा गट अ असं कोणी भरलं की ओळी जशाच्या तशा जोडत जाणारं "युनियन ऑल" थांबतच नाही. नुसतं "युनियन" आलेली ओळ पुन्हा घेत नाही म्हणून थांबतं, पण सोबत खोलीचा (किती पावलं आलो त्याचा) रकाना ठेवला असेल तर प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि तेही थांबत नाही. 14 व्या आवृत्तीपासून "सायकल" हे कलम मिळतं, ते वापरा. एज घालतानाच वर्तुळ नाकारलं तर सर्वांत बरं.

रो लेव्हल सिक्युरिटी म्हणता, तर तिचीही भोकं सांगा. टेबलाच्या मालकाला ती लागू होत नाही, "फोर्स" लावावं लागतं. सुपरयूजरला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) तेही अडवत नाही. आणि कनेक्शन पूल (तीच कनेक्शनं अनेकांनी आळीपाळीने वापरणं) असेल तर चालू वापरकर्त्याचं नाव त्या एका व्यवहारापुरतं टिकणाऱ्या "सेट लोकल"नेच द्यावं लागतं. साधं "सेट" केलं तर मारेगावच्या काटेवाल्याचं कनेक्शन पुढच्या माणसाला जातं आणि त्याला मारेगावच्या नोंदी दिसतात.

अटींबाबत तुमचं बरोबर आहे. जे टिकतं ते ग्राफमध्ये, जे क्षणाक्षणाला बदलतं ते अटीत, आणि उलट्या यादीत प्रत्येक नावापुढे "अटीसह" किंवा "बिनाअट" छापायचं.

पैनगंगा
तुम्ही दोघंही सर्व्हर कायम समोर आहे असं धरून बोलताय. केंद्रावरचं नेट गेलं म्हणून बाहेरची ट्रॅक्टरची रांग थांबवता येत नाही. टॅब्लेटवर त्या केंद्रापुरता ग्राफचा तुकडा न्यावाच लागतो, आणि खरी गोम तिथे आहे: काढून टाकलेल्या ग्रेडरची एज त्या तुकड्यात अजून जिवंत असते. गूगलने 2019 मध्ये झांझिबार या आपल्या परवानगी-प्रणालीवरचा लेख मांडला, त्यातही परवानगी काढणं आणि नवी नोंद येणं यांचा क्रम उलटू न देणं हा मोठा भाग आहे.

करायचं असं. एजमधल्या प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्या. टॅब्लेटने प्रत्येक नोंदीवर आपल्याकडचा क्रमांक आणि ज्या एजवरून परवानगी मिळाली त्या एज लिहाव्यात. नेट आल्यावर सर्व्हरने पाहावं: त्या एज अजून आहेत का? असतील तर नोंद पास. त्यातली एखादी काढली गेली असेल तर नोंद पुसू नका, चुकारा अडवा. कापूस एव्हाना गंजीत मिसळलेला असतो, नोंद नाकारली म्हणून तो परत काढता येत नाही.

काळीमाती
ताई, हे पटलं. पण टॅब्लेटचं घड्याळ मागे नेता येतं. तुकड्याला 24 तासांची मुदत असेल तर ॲपने शेवटची पाहिलेली वेळ जपून ठेवावी आणि घड्याळ तिच्या मागे दिसलं की नवी नोंद घेऊ नये.

पांदणवाट
ग्राफ का, याचं माझं सर्वांत मोठं कारण मात्र अजून आलंच नाही. ग्रेडर स्वतः सभासद शेतकरी असतो. त्याच्याच किंवा त्याच्या भावाच्या कापसाला त्याने ग्रेड देऊ नये. ग्रेडर ते शेतकरी, शेतकरी ते सातबारा, सातबारा ते सहहिस्सेदार, सहहिस्सेदार ते लॉट (विकायला आणलेला कापूस), अशी वाट सापडली की मनाई. एनजीएसीमध्ये मनाईची सोय वेगळी आहेच.

काळीमाती
तीन जॉइनमध्ये (टेबलं एकमेकांना जोडून) हे साध्या टेबलांतही होतं. आणि वाटणी होऊन फेरफार झाला की भाऊ सहहिस्सेदार राहत नाही, तुमची वाट तुटते. आत्या आणि मामा तर सातबाऱ्यावर नसतातच. उलट लहान गावात वाट लांबवत नेली तर अर्धं गाव जोडलं जातं आणि ग्रेड द्यायला कोणी उरत नाही. सहहिस्सेदारापर्यंत सरळ मनाई ठेवा, त्यापलीकडे दुसऱ्या केंद्राच्या ग्रेडरची सही.

पैनगंगा
सातबाऱ्यावरून काढलेल्या एज खरेदी सुरू होण्याआधी दरवर्षी नव्याने भरा, जुन्या चालवू नका. आणि ही मनाई संचालकांनाही लावा. तेही शेतकरी सभासदच असतात, आणि सगळ्या केंद्रांचा अधिकार त्यांच्याच हाती असतो.