ओपन सोर्स रिसर्च शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (मुक्काम ऐरोली)

ऐरोलीकर: ग्रुपवर येणारे फोटो-व्हिडिओ कुठले, कधीचे हे शोधून काढणं, सार्वजनिक नोंदी चाळणं, म्हणजे ज्याला ओसिंट म्हणतात ते शिकायचंय. ८ जीबीचा लॅपटॉप आहे, रोज तासभर मिळतो. एक क्लासवाले २५ हजार मागतायत. घ्यावा का? लिनक्स लागेल का?

खाडीपलीकडचा: २५ हजार खिशात ठेवा. लिनक्सही आत्ता नको. ब्राउझर, गूगल अर्थ प्रो आणि एक एक्सेल शीट, एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. तिन्हींतली शीट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी करत नाही. रकाने असे: मूळ लिंक, जतन केलेली लिंक, पाहिल्याची तारीख-वेळ, काय दिसलं, त्यावरून काय वाटलं. शेवटचे दोन रकाने कधीही एक करू नका. "निळी बस दिसली" ही नोंद, "बस टीएमटीची (ठाणे महापालिकेची) आहे" हा अंदाज. लिंक मिळाली की आधी वेबॅक मशीनवर (वेबपानांची प्रत साठवून ठेवणारी साइट) जतन करा, मग वाचा. फेसबुक-इन्स्टाची पानं तिथे बहुतेक वेळा नीट उतरत नाहीत, त्यांचा पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट घ्या.

सरावाला पावसाळी व्हिडिओच धरा. "आत्ताचं घोडबंदर" (ठाण्याचा घोडबंदर रस्ता) म्हणून दर जुलैत एखादी जुनी क्लिप फिरतेच.

१. आधी पाट्या आणि नंबरप्लेटची अक्षरं बघा. उलटी असतील तर क्लिप आरशासारखी फिरवलेली आहे, पुढचं सगळं डावं-उजवं चुकेल.
२. चार-पाच स्पष्ट फ्रेम काढा (इनव्हिड नावाचं एक्स्टेन्शन हे करून देतं) आणि गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या तिन्हींवर टाका. अख्खी फ्रेम टाकू नका. माणसं आणि वॉटरमार्क कापून फक्त इमारत ठेवा, नाहीतर लेन्स रेनकोटची दुकानं दाखवत बसतं.
३. या रस्त्याने माजिवड्याहून गायमुखकडे जाताना येऊरचे डोंगर डाव्या हाताला येतात. क्लिपमध्ये ते उजवीकडे असतील तर कॅमेऱ्याचं तोंड माजिवड्याकडे आहे.
४. मेट्रोचे खांब दिसतात का? जिथे आज खांब आहेत तिथे क्लिपमध्ये नसतील तर ती आजची नाही, विषय संपला.

नंबरप्लेटवर विसंबू नका. एमएच ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल हे खरं, पण गाड्या सगळीकडे फिरतात.

सावलीवाला: +१. सावलीवरून क्लिपची वेळ काढताना नवखे हमखास फसतात ते सांगतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, ठाणे ७३ च्या आसपास. म्हणजे आपला सूर्य सुमारे ३८ मिनिटं मागे, खरी दुपार (सूर्य सगळ्यात वर असतो ती वेळ) साधारण पाऊण वाजताच्या आगेमागे. दुसरं, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. "सावली कायम उत्तरेला" हे पाठ केलेलं असेल तर विसरा. डिसेंबरअखेर भर दुपारीही खांबाची सावली त्याच्या उंचीच्या ०.९ पट असते, जूनमध्ये जेमतेम पायापाशी. सनकॅल्कवर (सूर्याची दिशा आणि सावली दाखवणारी साइट) जागा आणि तारीख टाकून ताडून बघा.

उपग्रहचित्रांसाठी कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे. त्यातल्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचा एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे अख्खी बस एका ठिपक्यात. गाड्या मोजायला निरुपयोगी, भराव आणि तोडलेल्या टेकड्या बघायला उत्तम. जून ते सप्टेंबर नुसते ढग, तेव्हा ढगांतूनही बघणारं सेंटिनेल-१ चं रडार वापरा. गूगल अर्थ प्रोमध्ये वर्षांची पट्टी मागे सरकवून उलवे बघा: नवी मुंबई विमानतळासाठी टेकडी कशी गेली, नदी कशी वळवली, तारखेसकट लिहून काढा. हा पहिला गृहपाठ.

सेक्टर_सतरा: फोटोंइतकंच कागदांकडेही लक्ष द्या. महारेरावर (घरबांधणी प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) कुठलाही प्रकल्प उघडा: आधी दिलेली ताब्याची तारीख, वाढवलेली तारीख, किती घरं विकली, खटले, सगळं खुलं. जुन्या क्रमांकांत पी५१७ म्हणजे ठाणे जिल्हा, पी५२० म्हणजे रायगड. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "नवी मुंबई" आणि कोपऱ्यात पी५२० दिसलं की नकाशा उघडायचा.

एक पथ्य: खोट्या नावाने कुणाच्या बंद ग्रुपमध्ये शिरणं, पासवर्ड चाळून बघणं हे ओपन सोर्स नव्हे. खाजगी माणसाचा पत्ता सापडला तरी धाग्यावर टाकायचा नाही.

ऐरोलीकर: आभार! फोटोतल्या एक्झिफमध्ये (फाइलमध्ये दडलेली वेळ-जागेची माहिती) जागा मिळते ना, मग एवढा खटाटोप कशाला?

खाडीपलीकडचा: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. ज्याने काढला त्याला "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मग मिळेल. तरी फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं आणि एक्झिफ कुणीही बदलू शकतं, तेव्हा शीटमध्ये ते "काय वाटलं" च्या रकान्यात.