साठीनंतर कोंबडी बंद? एका पोल्ट्रीवाल्याचं उत्तर

भोरचा_पोल्ट्रीवाला

काल इथे एक लेख आला, 'साठीनंतर कोंबडी म्हणजे विकतचं आजारपण'. त्यात म्हटलंय की २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलेन-बारे, नसा आणि हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली ती पोल्ट्रीतून. आम्ही कोंबड्यांच्या पाण्यात औषधं ओततो, त्यातून माजलेले कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू म्हाताऱ्यांच्या पोटात जातात आणि माणसं लुळी पडतात. म्हणून घरातल्या ज्येष्ठांचं अंडं-चिकन आजच्या आज बंद करा. खाली सगळे हात जोडून 'डोळे उघडले' वगैरे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची झोप माझी. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी माल उचलते, किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. औषधाचा खर्च वाढला की माझाच दर घसरतो. मग मी हौसेनं औषध ओतेन का? सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा रोग) लागून पक्षी रात्री घरघरायला लागले, मागोमाग ई. कोलाय जंतूने मरतूक वाढली, की डॉक्टर सांगेल तेवढे दिवस औषध, आणि गाडीच्या आधी बंद. पूर्वी वाढीसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायचे, मान्य. ते सरकारने २०१९ साली बंद केलं.

त्या फेब्रुवारीत पुण्याचे तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार स्वतः म्हणाले होते की कोंबड्या मारायची गरज नाही, नीट शिजवून खा. ऐकलं कुणी? मार्केट पडलं, गाडी चार दिवस उशिरा आली. तयार झालेले पाच हजार पक्षी दिवसाला अठरा-वीस गोणी खाद्य फस्त करतात, तो हिशोब तुम्हीच करा.

आणि ज्येष्ठांचं म्हणाल तर माझी आई ७६ वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरच म्हणाले प्रोटीन वाढवा. तोंडात चार दात, डाळीने पोट फुगतं. रोज दोन अंडी आणि वाटीभर सूप, त्यावर ती वॉकर धरून अंगणापर्यंत आली. लेखकाने सांगावं, तिला आता काय देऊ? काढा?

सात्त्विक_सात

मुळात दुसऱ्याचा जीव घेऊन आपलं हाड जोडायचं हेच पटत नाही. मूग भिजवा, पनीर द्या. आमच्या आजी ९१ वर्षं जगल्या.

भोरचा_पोल्ट्रीवाला

आजींना साष्टांग नमस्कार. त्यांना दात होते का?

अनुजा_के

माझे बाबा ७१ वर्षांचे. पुण्यात सिंहगड रोडला, नांदेड फाट्याजवळ राहतो आम्ही. त्या जानेवारीत बाबांना जीबीएस झाला. आणि बाबांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. घरात शिजतच नाही.

आधी दोन दिवस जुलाब. घरातली ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल ही जुलाबाची गोळी घेतली, थांबले. दहा दिवसांनी सकाळी म्हणाले, चप्पल सैल झालीय, पायातून निसटतेय. मी मूर्खासारखी नवी चप्पल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसले ते उठता येईना. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) किलोला दोन ग्रॅम लागतं, बाबांचं वजन ६२, म्हणजे पाच ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या, पाच दिवसांत. मोफत उपचार जाहीर झाले तोवर आमची एफडी मोडून झाली होती.

म्हणजे चिकन खाऊन नाही झालं हे मान्य. पण पोल्ट्रीवाले दादा, हुरळून जाऊ नका. आमच्या भागात पाण्यात क्लोरीन नव्हतं ही चूक पाणी देणाऱ्यांची. पण पाण्यात जंतू कुठून आला? खडकवासला धरणाच्या बाजूला जाऊन बघा, कोंबडखताचे ढीग ओढ्याच्या काठाला, ट्रॉल्या उघड्या. खाणारा वाचेल हो शिजवून. पिणाऱ्याने काय करायचं?

भोरचा_पोल्ट्रीवाला

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण जानेवारीत कुठला पाऊस, ज्याने माझं खत तुम्हाला पाणी देणाऱ्या विहिरीत आलं? तुमच्याच सोसायट्यांची ड्रेनेज लाइन पाण्याच्या लाइनशेजारून जाते ते दिसत नाही. दिसतो कोण, तर शेडवाला.

आणि मी बारा वर्षं या धंद्यात आहे. सीआरडी, कोरायझा, पांढरी हगवण, सगळं पाहिलं. या कॅम्पायलोबॅक्टरचं नाव आमच्या डॉक्टरने कधी काढलं नाही. या रोगाने माझा एक पक्षी मेलेला नाही.

अनुजा_के

ड्रेनेजही असेल. मी 'फक्त तुम्ही' म्हटलंच नाही. तुम्ही मात्र 'आम्ही सोडून सगळे' म्हणताय. तुमचा पक्षी मेला नाही म्हणून जंतू नाही? माझे बाबा ४० दिवस नळीतून जेवले. तो पुरावा पुरतो का तुम्हाला?

निवृत्त_फिजिशियन

दोघांनी जरा दमाने घ्या. पक्षी मरत नाहीत हीच तर मेख आहे. कोंबडीचं अंग ४१-४२ अंशांचं, आणि कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीला नेमकी तीच ऊब मानवते. तो तिच्या आतड्यात सुखाने नांदतो, कोंबडी ठणठणीत. म्हणून तुमच्या डॉक्टरने नाव काढलं नाही. गावरान कोंबडीही त्यातून सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसाला मात्र काही शे जंतू पुरतात. या जंतूच्या कवचावरची साखळी आपल्या नसांवरच्या एका घटकासारखी असते, त्यामुळे शरीर जंतूवर उठतं आणि नसांनाच चावतं. हे जुलाब होणाऱ्या हजारांत फार तर एखाद्याला होतं. पण वय जास्त तर सावरणं कठीण. म्हणजे लेखकाचं 'खाल्लं की लुळे' हे भंपक, आणि पोल्ट्रीवाल्यांचं 'आमचा काय संबंध' हेही तेवढंच भंपक.

दादा, तुम्ही एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देत असणार. ते आमच्या माणसांच्या सिप्रोच्या घरातलं. अमेरिकेने पोल्ट्रीतून २००५ साली काढलं ते याच जंतूपायी, तो औषधाला दाद देईनासा झाला म्हणून. अनुजाताईंच्या बाबांनी घेतलेली ऑफ्लोक्सासिनही त्याच खानदानातली.

ताई, एक विचारतो. बाबांना रोज उपाशीपोटी अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू होती का?

अनुजा_के

हो. अकरा वर्षं. का?

निवृत्त_फिजिशियन

पोटातलं आम्ल हा पहिला पहारेकरी. ही गोळी त्याला झोपवते. वय आणि ही गोळी, दोन्हींनी कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेलाचा धोका वाढतो. तुमच्या बाबांना त्यानेच झालं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण अकरा वर्षं कशासाठी?

अनुजा_के

कुणी सुरू केली तेच आठवत नाही. दर वेळी जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवलं की पुढचा डॉक्टर तीच पुन्हा लिहायचा.

बोरिवलीची_सून

अगदी आमच्याच घरातलं! सासरे ७९. बीपीच्या गोळीने पावलं सुजली, कुणाच्या ध्यानात आलं नाही की ती गोळीची सूज आहे. दुसऱ्याने लघवीची गोळी दिली. त्याने रक्तातलं सोडियम उतरलं ११८ वर. बाथरूममध्ये पडले, बरळायला लागले, तिसरा म्हणाला डिमेन्शिया. शेवटी एका तरुण मुलीने, नुकतीच एमडी झालेली, सगळ्या तेरा गोळ्या टेबलावर ओतल्या. त्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने! दोन डॉक्टरांनी वेगवेगळं लिहिलेलं. आज सात गोळ्यांवर आहेत आणि मला पुन्हा नावानिशी टोमणे मारतात.

कडू_कारलं

हृदयाचा वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा. माणसाचा कुणीच नाही. हजार रुपये आणि पाच मिनिटं. निघताना 'अॅसिडिटी होऊ नये म्हणून एक गोळी' हा तर आशीर्वादच झालाय.

निवृत्त_फिजिशियन

पस्तीस वर्षं ओपीडी केली आहे म्हणून बोलतो. तुम्ही येता तेव्हा गोळ्यांची पिशवी आणता का? 'ती पांढरी, बारकी, सकाळची' एवढ्यावर आम्ही ओळखायचं? पंचकर्मवाल्याची पुडी लपवायची, मेडिकलवाल्याची गोळी लपवायची आणि उलटलं की डॉक्टर चोर. आणि हे वाचून कुणी घरी जाऊन गोळी बंद करू नका! स्टेंटनंतर रक्त पातळ करायची दोन-दोन औषधं चालू असतात, तिथे ही अॅसिडिटीची गोळी पोटातला रक्तस्राव टाळते. विचारून, बघून, कमी करत आणायची.

कडू_कारलं

लागलं का डॉक्टरांना? पिशवीचं मात्र कबूल. आमची पिशवी आई देवघरात ठेवते, कुणाला हात लावू देत नाही.

नाशिकचा_नाना

अवांतर, पण माझा मेडिक्लेम नाकारला, कारण 'रुग्ण ओपीडीत चालत आला होता'. चालत येणं हा गुन्हा आहे का? बावीस वर्षं हप्ते भरले. आता ७० वरच्यांना आयुष्मानचे पाच लाख आहेत, पण आमच्या जवळचं रुग्णालय त्या यादीत नाही.

भोरचा_पोल्ट्रीवाला

नाना, वेगळा धागा काढा, मी येतो तिथे भांडायला. मी कोंबड्यांवर लिहिलं आणि तुम्ही सगळे अॅसिडिटीवर जाऊन बसलात.

पण घरी बघितलं. आईला पण तीच गोळी आहे, सहा वर्षं.

निवृत्त_फिजिशियन

आणि खुब्याचं हाड मोडलंय. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांत अशी हाडं मोडणं जास्त दिसतं. कारण तीच, असं सिद्ध नाही. पण आईच्या डॉक्टरला विचारा.

भोरचा_पोल्ट्रीवाला

विचारतो. आणि एन्रोचं आता खरंच सांगतो. पिल्लं उतरली की पहिल्या दिवशी गूळपाणी, मग तीन दिवस एन्रो, आजारी असोत-नसोत. सगळेच देतात.

कडू_कारलं

वर तर लिहिलंत घरघरल्यावरच देतो! 'हौसेनं ओतेन का' म्हणे.

भोरचा_पोल्ट्रीवाला

हो, लिहिलं. पिल्लांच्या गाडीबरोबर पुडीही येते, न देऊन मरतूक झाली तर माझ्या नावावर. तुमच्या डॉक्टरने लिहिलेली गोळी तुम्ही बंद करता का विचारल्याशिवाय? तसंच आहे ते.

अनुजा_के

हे मात्र पटलं. नाइलाजाने.

खताचं काय?

भोरचा_पोल्ट्रीवाला

ताडपत्री आणलीय. तुमच्यासाठी नाही, माश्या फार झाल्यात म्हणून. माझ्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट केली, पिवळं आलं, म्हणजे क्लोरीन आहे. बाबा कसे आहेत?

अनुजा_के

वॉकर सुटला. शर्टाची वरची दोन बटणं अजून आई लावते, त्यावरून रोज वाद. त्यांना माश्यांचंच कारण सांगते, हसतील.

निवृत्त_फिजिशियन

दादा, एक राहिलं. सूप खुशाल द्या, उकळलेल्यात काही उरत नाही. पण कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कोथिंबीर कुणी शिजवत नाही.

भोरचा_पोल्ट्रीवाला

डॉक्टरसाहेब, आई लहानपणी ओट्यापर्यंत पोचायला लागली तेव्हापासून कोंबडी हळद-मिठाने तीन पाण्यांतून धुतेय. तिला 'धुऊ नको' मी सांगू? तुम्हीच या एकदा भोरला. पत्ता देतो, जेवूनही जा.