झेडपी शाळेची पडायला आलेली खोली, निधी नक्की कुठल्या हेडमधनं मागायचा? (जावळी, सातारा)

जावळीचा पालक
नमस्कार मंडळी. आमची झेडपीची शाळा, पहिली ते चौथी, पट 38, शिक्षक दोन. वर्गखोल्या दोन आणि एक बारकं ऑफिस. एक खोली स्लॅबची आहे ती ठीक, दुसरी जुनी, काळ्या दगडाची, मातीत बांधलेली, वर मंगलोरी कौलं. कौलं वानरं फोडतात, आम्ही बदलतो, परत वानरं येतात, ते चालूच आहे. पण यंदा मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासनं पार आढ्यापर्यंत तडा गेलाय, पेन घातलं की आख्खं आत जातं, आणि आमच्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. एक वर्ग सध्या मंदिरात भरतो.

शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद यंदा माझ्याकडं आलंय. सरपंच म्हणतात आमदार फंडातनं घेऊ, पंचायत समितीत गेलं की म्हणतात समग्र शिक्षा ह्या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेत तुमच्या शाळेचं नाव नाही, इंजिनियर साहेब म्हणतात आधी निर्लेखन करा, म्हणजे जुनी खोली वापरायोग्य नाही म्हणून कागदावरनं कमी करा, मग बघू, आणि मुंबईकर मंडळ म्हणतंय यात्रेला आलो की वर्गणी काढून पत्रा टाकून देतो, विषय संपला. सुरुवात कुठनं करायची ते ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनीच सांगा. "पाठपुरावा करत राहा" म्हणणाऱ्यांना आधीच रामराम.

रिटायर केंद्रप्रमुख
अध्यक्ष, पैशाचा विषय जरा बाजूला ठेवा. तडा गेलेली खोली कागदावर अजून चांगलीच असली तर पैसे देणार कोण? मुख्याध्यापकांबरोबर बसून यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, काय भरलंय ते आधी बघा. तिथं प्रत्येक खोलीची अवस्था भरावी लागते, चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती असं, आणि बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचंच पुढं ओढलेलं असतं. समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा ह्याच माहितीवरनं करतात, त्यामुळं यादीत नाव नाही म्हणणारा माणूस तुम्हाला टोलवतोय असं समजू नका, खरंच नसेल.

दुसरं म्हणजे 'नवीन वर्गखोली' मागू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 पटापर्यंत दोन शिक्षक, शिक्षकामागं एक वर्ग आणि ऑफिस, स्टोअर, मुख्याध्यापक मिळून एक खोली असा हिशोब आहे. तुमच्याकडं तेवढं कागदोपत्री आहे, मग तिसरी खोली कशाला असा शेरा मारून फाईल परत येते. जुनीचं निर्लेखन आणि त्याच जागी पुनर्बांधणी असा प्रस्ताव करा. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, मग बांधकाम उपविभागाचा अभियंता येऊन पाहणी करणार, अहवाल आणि जुन्या मालाचं मूल्यांकन देणार, तिथनं पुढं झेडपी. इंजिनियर साहेब बरोबर बोलले, फक्त अर्धंच बोलले.

मंजुरी आली की जुन्या सामानाचा लिलाव होतो. वासे सागवानी असतील तर आत्ताच मोजून, फोटो काढून, दोन पंचांच्या सह्या घेऊन ठेवा. नाहीतर लिलावाच्या आधीच वासे कुणाच्या तरी गोठ्यावर चढलेले असतात आणि खुलासा मुख्याध्यापक देत बसतो. आणि त्या खोलीला आजच कुलूप लावा, सामान ठेवायलासुद्धा वापरू नका.

कोपरखैरण्याचा मुंबईकर
सर तुमचं सगळं मान्य पण ह्या कागदात दोन-तीन वर्षं सहज जातात. तोपर्यंत मंदिरातली शाळा बघून आया पोरांची नावं काढणार आणि पिवळ्या गाडीत बसवून मेढ्याला इंग्लिश मीडियमला धाडणार. पट 20 च्या खाली आला की समूह शाळेचं, म्हणजे बारक्या शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा करायचं भूत आहेच, 2023 ला निघालेलं पत्र विसरलो नाही आम्ही. मग बांधलेल्या खोलीत काय गुरं बांधायची? आम्ही माथाडीतली माणसं, वर्गणी काढायला कधी मागं नसतो, मंदिराला कळस चढवलाच ना. लोखंडी अँगल आणि पत्रा, महिन्यात काम तयार.

एमएच50 सिव्हिलवाला
मुंबईकर राग मानू नका पण भिंत फाटलीय आणि तुम्ही टोपी नवीन घेताय. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरका वर गेलेला तडा म्हणजे बहुतेक वेळा पाया एका बाजूनं खचलाय. मागं डोंगराचं पाणी येतं का बघा, येतच असणार, आणि भिंतीमागचा चर बुजलेला असणार. तो चर आधी मोकळा करा, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, रविवारी चार पोरं आणि दोन टिकाव बस झालं.

अँगल त्या भिंतीवर टेकवू तर अजिबात नका. आपल्याकडं 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मातीत बांधलेल्या दगडी भिंतींनीच माणसं मारली, जुन्या माणसांना विचारा. पुनर्बांधणीचं अंदाजपत्रक येईल तेव्हा सही करायच्या आधी वाचा, आरसीसी कॉलम, जोत्याचा प्लिंथ बीम, दार-खिडकीवरचा लिंटेल बीम धरलाय का, की नुसती वीट आणि वर स्लॅब. आणि जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसाला सपाट स्लॅब म्हणजे पाच वर्षांत गळती, उतार आणि वॉटरप्रूफिंग एस्टिमेटमध्ये पाहिजे, नंतर कोण देत नाही. पत्र्याचं अजून एक, पाऊस लागला की गुरुजी काय बोलतात ते पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू येत नाही. मी अशाच वर्गात शिकलोय, पाढे अजून कच्चे आहेत 😄

वाळव्याचा सदस्य
सांगलीकर मध्येच बोलतोय. आमच्याकडं रडगाणं वेगळं, 2019 ला शाळेत कृष्णामाई आली, त्यामुळं आमची भांडणं जोत्याच्या उंचीवरनं. पण पैशाचं गणित तेच.

सगळं एकाच फंडातनं मागितलं की सगळंच अडकतं, तुकडे करा. खोलीची पुनर्बांधणी हे मोठं काम, ते जिल्हा नियोजन समितीतनं झेडपीला येणाऱ्या निधीतनं बसतं. तिथं 'बांधकाम' आणि 'विशेष दुरुस्ती' अशी दोन वेगळी हेडं असतात, चुकीच्या हेडला गेलात तर वर्ष गेलं समजा. टॉयलेट, हँडवॉश, पाण्याची टाकी ग्रामपंचायतीकडनं घ्या. 15व्या वित्त आयोगात 2021 ते 26 साठी 60 टक्के पैसा बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि कितीतरी ग्रामपंचायती तो कुठं घालू म्हणून डोकं खाजवत होत्या, शाळेचं टॉयलेट त्यात बसत असताना. तुमचा काही शिल्लक असला तर विचारा. संरक्षक भिंत रोजगार हमीत बसते का ते बीडीओंना विचारा. शाळेला वर्षाला येणारं संयुक्त अनुदान 31 ते 100 पटाला 25 हजार, त्यातले 10 टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात लाइट बिल आणि खडूच निघतो, त्यावर नजर ठेवू नका.

आमदार फंड वर्षाला 5 कोटी ऐकायला मोठा वाटतो पण मतदारसंघात गावं किती आणि प्रत्येक गावाला सभामंडप पाहिजेच. आमदारांकडनं पैशापेक्षा शिफारस पत्र घ्या, नियोजन समितीची अध्यक्षता पालकमंत्र्यांकडं असते, तिथं पत्राला वजन आहे. वेळ पण सांभाळा, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपास सुरू होते, जानेवारीत बैठक. एप्रिलमध्ये फाईल घेऊन गेलात तर लोक चहा पाजून परत पाठवतात. आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात टॉयलेटचं काम नाव घेऊन लिहून घ्या, इतिवृत्तात आलं का ते डोळ्यानं बघा. आराखड्यात नाही ते काम नाही.

मुंबईकरांचा पैसा मात्र वाया घालवू नका, वर्ग मंदिरात भरतोय तोपर्यंत तिथं पार्टिशन, फळा, पंखे, पोरींना जवळ टॉयलेट, हे सगळं त्यातनं महिन्यात होतं. पट टिकवायचं काम ह्यानंच होणार. पैसा समितीच्या खात्यावर घ्या, पावती फाडा.

कोपरखैरण्याचा मुंबईकर
हे पटलं. पण खात्यावर टाकायचं म्हटलं की मंडळात निम्मे गप्प बसतात, त्यांना देणगीदार म्हणून फरशीवर नाव पाहिजे.

वाळव्याचा सदस्य
लावा की फरशी. नावावर पार्टिशन होत असेल तर स्वस्त आहे.

जावळीचा पालक
सगळ्यांचे आभार, चराचं काम ह्या रविवारी घेतो. यू-डायस बघितलं, दोन्ही खोल्या चांगल्या असं भरलंय, मॅडम स्वतःच म्हणाल्या आधीच्यांनी भरलेलं तसंच राहिलं, यंदा बदलतो. पण कागद काढताना नवीनच भानगड निघाली. जागा आजोबांच्या काळात एकानं शाळेला तोंडी दिलेली, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, आता वारस सात, त्यातले दोघं पुण्यात आणि एक बहीण नांदते ती माणला. देणार सगळे, कुणाचा विरोध नाही, पण कागद नाही. ह्यानं अडेल का?

रिटायर केंद्रप्रमुख
अडेल. आणि सगळ्यात जास्त ह्यानंच अडतं, निधी मंजूर होऊन जागेच्या कागदापायी परत गेलेली कामं मी बघितलीत. आधी तलाठ्याकडं वारसनोंद करून घ्या, मग सगळ्या वारसांच्या सह्यांचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवायचं, त्यावर झेडपीच्या नावाचा फेरफार. शाळेखालची जागा मोजून घ्या, अंदाजे गुंठे लिहू नका, खेळायचं मैदान त्यातच धरा, नंतर मैदानात कुणीतरी उकिरडा घालतंच. बहिणीची सही भाऊच करून टाकतात तसलं काही करू देऊ नका, त्यांना यात्रेला माहेरी बोलवा. पुण्याचे दोघं पण तेव्हाच येतील. फक्त यात्रेच्या दिवसाला धरून रजिस्टर ऑफिसला सुट्टी नाही ना ते आधी बघा.

जावळीचा पालक
यात्रा शनिवार-रविवार धरूनच येतीय यंदा. सोमवारी सगळ्यांना थांबवून घ्यावं लागेल. मुंबईकर, तुमची गाडी रविवारी रात्रीच निघते ना, त्यात पुण्याचे दोघं बसणार नाहीत एवढं बघा.