मदत हवी आहे: खरूज घरातून जातच नाही, काय चुकतंय?

आम्ही चोपडा तालुक्यातले, घरात सात माणसं. होळीनंतर मुलाच्या (वय ८) बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, म्हणून आठ दिवस कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घातली. मग मेडिकलवरून ट्यूब आणली. दोन दिवस बरं वाटलं, नंतर मनगट, काख, बेंबीभोवती सगळीकडे पसरलं. दिवसा ठीक असतो, अंथरुणात शिरला की खाजवून खाजवून रडतो. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके पाहून जीव तुटतो.

डॉक्टरांनी खरूज सांगून पर्मेथ्रिन ५ टक्के मलम दिलं. बरा झाला, पण तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आता धाकटीलाही (८ महिने). सासूबाई आणि दीर म्हणतात, आम्हाला खाजत नाही, आम्ही कशाला लावायचं? तान्हीला हेच मलम चालतं का? नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, एवढ्या गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या कशा?

उत्तर: ताई, चूक इथेच होतेय. खरजेचा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर तो दुसऱ्याला देत राहतो. म्हणून सातही जणांनी एकाच रात्री लावा. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यात, नखांखाली, जांघेत. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. ८ ते १४ तास ठेवून आंघोळ. हात धुतले तर हातांना परत लावा. सातव्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी. दोन महिन्यांवरच्या बाळाला हेच चालतं, तिच्या डोक्यालाही लावा, डोळे-तोंड सोडून. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

गोधड्या धुवायची गरज नाही. माणसापासून सुटला की किडा दोन-तीन दिवसांत मरतो. प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगावरचे कपडे आणि चादरी तेवढ्या गरम पाण्यात काढा. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरून रोज मलम चोपडू नका. मेडिकलवरच्या त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असावं. त्याने खाज दबते, किडा मरत नाही.

धागाकर्ती: खूप आभार. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, तयार झाल्या. शनिवारी रात्री सगळे लावणार. जाऊबाईंना तिसरा महिना आहे, त्यांचं काय?

उत्तर: मलम गरोदरपणातही देतात, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. खरजेवर देतात ती आयव्हरमेक्टिनची गोळी मात्र त्यांना नको, आणि १५ किलोखालच्या मुलांनाही नको.